सुटी आणि शीड

मराठी भाषेंत सुटी मिळते, शाळा सुटते, गाडी सुटते, वारा सुटतो आणि गांठहि सुटते. एकाच धातूनें इतकीं कामें करावीं यांत भाषेचें दारिद्र्य आहे असें कोणी म्हणेल. आम्हांस त्यांत तिचें शहाणपण दिसतें. आपणांस कोणीं तरी बांधून ठेविलें आहे, ही जाणीव असल्याखेरीज सुटीला गोडी नाहीं. ज्याला बारा महिने काम नाहीं त्याला सुटीहि नाहीं. परंतु सुटल्यानंतर पुढें काय, या प्रश्नाचें उत्तर हा धातु देत नाहीं. २०२५ च्या नाताळांत आठ दिवस शिडाच्या नौकेवर राहून मुंबईहून गोंव्यापर्यंत दक्षिणेकडे जाण्याचा योग आम्हांस आला, आणि त्या प्रश्नाचा विचार करण्यास भरपूर सवड मिळाली. कारण ताशीं पांच सागरी मैल, म्हणजे सुमारें नऊ किलोमीटर, चालणाऱ्या वाहनांत बसल्यावर विचाराखेरीज दुसरें कांहींच वेगानें चालत नाहीं.

आम्ही खानदेशचे. जन्म धुळें जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यांतला, तापीच्या कांठचा. नोकरी जळगांवच्या एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्याची. जळगांवाहून मुंबई रेल्वेनें चारशें वीस किलोमीटर. तीस वर्षें आम्ही वर्गांत कोलरिजच्या म्हाताऱ्या नावाड्याची कथा शिकवीत आलों, आणि तीस वर्षें आमच्या विद्यार्थ्यांनीं ती ज्वारी-कापसाच्या शेतांवरून सायकली हांकीत येऊन ऐकली. त्यांनीं समुद्र कल्पनेंत पाहिला; आम्हीं तो चौपाटीवरच्या वाळूंत उभे राहून पाहिला. दोहोंत फारसा फरक नव्हता.

तथापि खानदेशचा समुद्राशीं कांहींच संबंध नाहीं असें म्हणणेंहि बरोबर होणार नाहीं. आमच्या शेतांजवळून जाणारी तापी सुरतेपाशीं समुद्रास मिळते. सुरतेचें बंदर भरभराटींत होतें तेव्हां बऱ्हाणपूरची वाट नंदुरबार, थाळनेर, चोपडें या गांवांवरून जात असे, आणि सतराव्या शतकांत धरणगांवास इंग्रजांची वखार होती. याहून नवलाची गोष्ट अजिंठ्याची. जळगांवाहून साठ किलोमीटरांवर, समुद्रापासून सुमारें तीनशें किलोमीटर आंत, डोंगराच्या पोटांत दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत कोणा चित्रकारानें तीन डोलकाठ्यांचें गलबत रंगवून ठेविलें आहे. शूर्पारक, म्हणजे आजचें नालासोपारें, येथील पूर्ण नांवाच्या व्यापाऱ्याच्या कथेंतलें तें गलबत. अजिंठ्याच्या चित्रावरून बेतलेलें आणि काथ्याच्या दोरीनें फळ्या शिवून बांधलेलें 'कौंडिण्य' हें जहाज २०२५ च्या मे महिन्यांत कारवार येथें आपल्या नौदलांत दाखल झालें. आणि आम्ही समुद्रावर होतों त्याच आठवड्यांत तें पोरबंदरहून मस्कतच्या वाटेस लागलें. त्याला यंत्र नाहीं. आमच्या शेजारच्या डोंगरांतलें चित्र पंधराशें वर्षांनीं खाऱ्या पाण्यांत उतरलें. मग खानदेशांतल्या एका प्राध्यापकानें पन्नाशी उलटल्यावर उतरण्यास काय हरकत होती?

उतरण्याचें निमित्त असें. आमचे एक जुने विद्यार्थी नौदलांतून निवृत्त झाले आणि त्यांनीं अडतीस फुटांची एक जुनी शिडाची नौका विकत घेतली. निवृत्तीच्या पैशांतून माणसें घर बांधतात. यांनीं असलेलें घर विकलें नाहीं, एवढेंच त्यांच्या पत्नीचें समाधान. नाताळांत ती नौका मुंबईहून गोंव्यास नेऊन ठेवावयाची होती. "सर, काकूंना घेऊन या," असा त्यांचा फोन आला. अमेरिकेंत म्हणे अशीं कित्येक वृद्ध जोडपीं आहेत, कीं जीं शरदृतु सरत आला कीं उत्तरेकडील घरास कुलूप लावून आपल्या नौकेंतून फ्लॉरिडाच्या, बहामा बेटांच्या उबेंत हिंवाळा काढावयास जातात. पक्ष्यांवरूनच त्यांना नांव पडलें आहे. आम्हांस त्यांचा हेवा वाटे. पण आमच्या भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या पाण्यावर हिंवाळ्यांत उत्तरेकडून पक्षी उतरतात. म्हणजे ज्या थंडीला कंटाळून आम्ही दक्षिणेस निघणार, तीच थंडी त्यांना उबदार वाटून ते आमच्याकडे येतात. दक्षिण ही दिशा ज्याच्या त्याच्या घरापासून मोजावयाची असते हेंच खरें.

निघण्यापूर्वीं धाकट्या बंधूंस फोन केला. ते गांवीं शेती पाहतात. त्यांनींहि यावें अशी आमची फार इच्छा होती. एकाच ओसरीवर वाढलेल्या दोघां भावांनीं एकत्र सुटी घालविल्यास पुष्कळ वर्षें झालीं होतीं. परंतु गहूं पाण्यावर आला होता, आणि शेतीच्या पंपाची वीज त्या आठवड्यांत रात्रीं येणार होती. आमच्याकडे ती पाळीनें येते. कांहीं दिवस उजेडीं, कांहीं दिवस अंधारीं. बंधु हंसले आणि आमच्या अहिराणींत म्हणाले, "दादा, तू पानीवर जास, मी पानी भराले जास." बोलण्यांत राग नव्हता. पण एकाच पाण्याचे असे दोन अर्थ करून दिल्यावर आमच्या पिशवीचें वजन थोडें वाढलें.

पश्चिम किनाऱ्यावर हिंवाळ्यांतला वारा सरकारी कचेरीपेक्षां अधिक नेमानें काम करतो. पावसाळ्यांत मिटलेलीं बंदरें नारळी पौर्णिमेनंतर उघडतात आणि पुढें थंडी पडली कीं त्याचा दिनक्रम ठरून जातो. रात्रीं जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो. म्हणून उत्तररात्रीं जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहतो. त्याला दर्यावर्दी लोक मतलई म्हणतात. सकाळीं दहाच्या सुमारास तो पडतो, घटकाभर पाणी तेलासारखें निश्चल होतें, आणि दुपारीं जमीन तापली कीं वायव्येकडून वारा सुटतो. दक्षिणेस जाणाऱ्याच्या तो पाठीशीं असतो. पहांटे मतलईवर नांगर उचलावा, मध्यान्हीं स्वस्थ बसावें, तिसऱ्या प्रहरीं वायव्य वाऱ्यानें मजल मारावी आणि दिवेलागणीला खाडींत शिरावें, असा हा जुना शिरस्ता. त्या शिरस्त्यानें आम्ही पहिल्या दिवशीं मुरूडला, दुसऱ्या दिवशीं हर्णैला आणि तिसऱ्या दिवशीं जयगडला पोंचलों. वाटेंत जंजिरा दिसला, सुवर्णदुर्ग दिसला. इतिहासाच्या पुस्तकांत हे किल्ले जमिनीवरून पाहिलेले असतात. पाण्यावरून पाहिले म्हणजे ते कोणासाठीं बांधले होते हें प्रथमच कळतें. किनाऱ्याकडे त्यांची पाठ असते.

नौकेवर आम्ही पांच माणसें : मालक, एक तरुण खलाशी, हर्णैकडचे साठीच्या घरांतले एक तांडेल आणि आम्ही उभयतां. पहिल्याच दिवशीं मालकांनीं फार संकोचानें सांगितलें कीं टांकींत अडीचशें लिटर गोडें पाणी आहे. तेव्हां पिणें, रांधणें व धुणें मिळून माणशीं रोज सहा लिटरांत भागवावें लागेल. आमच्या सौभाग्यवती मोठ्यानें हंसल्या. त्यांचें माहेर पारोळ्याकडचें. ज्या घरांत नळाची वाट आठ-आठ दिवस पाहिली, ज्या घरांत भाज्या धुतलेलें पाणी तुळशीला आणि अंघोळीचें पाणी भोपळ्याच्या वेलाला जात असे, त्या घरच्या मुलीला सहा लिटरांची भीति ती काय घालावयाची? त्यांनीं टांकीचा ताबा घेतला. भांडीं आधीं समुद्राच्या पाण्यानें घांसावयाचीं आणि शेवटीं तांब्याभर गोड्या पाण्यानें विसळावयाचीं. तांदुळाचें धुवण आमटींत घालावयाचें. तोंड धुण्यास ओंजळ, अंघोळीस समुद्र. चौथ्या दिवशीं टांकीत अपेक्षेपेक्षां पुष्कळ अधिक पाणी शिल्लक निघालें तेव्हां तांडेल त्यांस 'बाई' म्हणत होते ते 'मालकीण' म्हणूं लागले.

आम्हीं खानदेशांतून पळून समुद्रावर गेलों अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षांत आम्ही एका तरंगत्या खानदेशांत जाऊन पडलों होतों. चहूंकडे पाणी, आणि प्रत्येक थेंबाचा हिशेब! कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बिबडे हें आमचें दुष्काळी शिधासामान समुद्रावर जसें टिकलें तसें मालकांचें मुंबईहून आणलेलें खाणें टिकलें नाहीं. ज्या गोष्टी उणीवेंतून जन्मतात त्या दूरच्या प्रवासास चांगल्या, हें अजिंठ्याच्या गलबतावरल्या लोकांसहि ठाऊक असलें पाहिजे. चित्रांत त्या गलबतावर रांजण मांडलेले आहेत.

तांडेल थोडें बोलत. त्यांचे वडील शिडाच्या गलबतावर होते. मंगळुरी कौलें घेऊन उत्तरेस जावयाचें आणि मिळेल तो माल घेऊन दक्षिणेस यावयाचें, हा त्यांचा जन्माचा धंदा. मुंबई-गोंवा बोट पुढें बंद झाली, १९९८ सालीं कोकण रेल्वे सुरू झाली, आणि शिडाच्या मालवाहू गलबतांना तर त्याच्याहि आधीं यंत्रें बसलीं. एके दुपारीं मालकांनीं यंत्र बंद करून शीड वर चढविलें तेव्हां तांडेल आम्हांकडे वळून म्हणाले, "साहेब, आमच्या बापानं शिडाखालीं जन्म काढला. मशीन आलं त्या दिवशीं त्यानं नारळ फोडला. तुम्ही मशीन बंद करतां आणि शीड लावतां!" हें सांगतांनाहि त्यांचे हात दोर ओढीत होते, आणि ते हात शिडावर अतिशय प्रसन्न दिसत होते.

त्यांनींच आम्हांस शिडाचा पहिला धडा दिला. आमची समजूत अशी कीं वारा मागून ढकलतो आणि नौका पुढें जाते; दोरांचें काम काय तें शीड उडून जाऊं नये एवढ्यापुरतें. तांडेलांनीं शिडाच्या खालच्या कोपऱ्याचा दोर आमच्या हातीं दिला आणि सोडावयास सांगितला. शीड तत्काळ फडफडूं लागलें. असें फडफडणारें शीड फार स्वतंत्र दिसतें, फार मोठा आवाज करतें, आणि सभेंतल्या कांहीं वक्त्यांची आठवण करून देतें. परंतु नौका जागच्या जागीं डोलत राहते. मग त्यांनीं दोर ओढून खुंटीस गुंडाळला. आवाज एकदम थांबला, शिडाला पोट आलें, नौका किंचित् कलली आणि चालूं लागली. वारा तोच. फरक केवळ बांधण्याचा. त्या संध्याकाळीं त्यांनीं आम्हांस एक गांठहि शिकविली : ती ताणली तरी सरकत नाहीं, फास होऊन आवळत नाहीं, आणि ताण गेला कीं बोटांनीं सहज उकलते. पन्नाशीनंतर नवी विद्या शिकण्याचें सुख कांहीं निराळें असतें. त्या रात्रीं आम्हीं ती गांठ वीस वेळां बांधली व वीस वेळां सोडली.

जयगडहून मालवणपर्यंतचा टप्पा रात्रींतून काटावयाचा ठरला. रात्रीं मासेमारांचीं जाळीं पसरलेलीं असतात, म्हणून दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या. मध्यरात्रीनंतर अर्धा चंद्र मावळला. आमची पाळी दोनची. पाळींतलें सुकाणूं अर्थात् तरुण खलाशाच्या हातीं. आमच्याकडे जाळ्यांवरचे दिवे पाहण्याचें काम. मतलई सुटली होती. दक्षिणेला अगस्त्य तारा इतका वर आलेला आम्हीं कधीं पाहिला नव्हता. जळगांवाहून तो क्षितिजावर फार तर सोळा अंश चढतो. दक्षिणेकडे एक अंश जावें तों तोहि एक अंश वर येतो, आणि पाठीमागें ध्रुव तितकाच खालीं उतरतो. पणजीपाशीं अगस्त्य बावीस अंशांच्या जवळ असतो. विंध्याला वांकवून दक्षिणेस गेलेला आणि परत न आलेला, एका आचमनांत समुद्र पिऊन टाकणारा हा ऋषि आमच्या पूर्वजांनीं नेमका याच ताऱ्यांत बसविला. दक्षिणेस जाणाऱ्याला तो आपल्यासाठीं उठून उभा राहिल्यासारखा दिसतो, हें त्यांनीं पाहिलें असलें पाहिजे.

किनारा जवळ होता म्हणून फोन लागत होता. बंधु जागे असणार हें ठाऊक होतें, आम्हीं लावला. "काय करी ऱ्हायना, दादा?" आम्हीं सांगितलें. पलीकडून पंपाचा आवाज आणि दंडांतून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. आमच्या नौकेच्या कुशीशीं पाणी जसें वाजत होतें तसेंच तें वाजत होतें. डोळे मिटून ऐकलें तर कोणतें पाणी कोठचें हें ओळखूं आलें नसतें. आम्हीं समुद्राचें वर्णन केलें. तें ऐकून घेऊन ते म्हणाले, "तठे पानी खारं शे ना? मंग काय कामनं?" तेवढ्यांत त्यांचा स्वर बदलला. "थांब, बारं फुटनं!" फोन त्यांनीं बांधावर ठेवला असावा. गुडघाभर गार पाण्यांतून धांवण्याचा आवाज आला, मग फावड्याचे चिखलांतले ठोके. धुळ्याकडे त्या दिवसांत थंडी कडाक्याची होती. गव्हांत रात्रीं साप निघतो, बिबट्या येतो. आमच्या बाजूला हें कोणास नवीन नाहीं. पांच-सात मिनिटें आम्ही फोन कानाशीं धरून जाळ्यांचे दिवे पाहत राहिलों. खलाशाला वाटलें, साहेब गाणें ऐकत आहेत. अखेर धापा टाकलेला आवाज आला, "झायं. ठेव आते."

मनाशीं विचार केला कीं आम्ही दोघेहि जागे, दोघेहि पाण्यावर, दोघांच्याहि बोटांना गारठा. मग एकाची ही सुटी आणि दुसऱ्याची पाळी कां? कष्टांच्या प्रकारांत भेद नाहीं. २००९-१० मध्यें दिलीप दोंदे यांनीं गोंव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि तसें करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्या कष्टांपुढें तांडेलांच्या वडिलांचे कष्ट कमी होते कीं अधिक, हें कोण ठरविणार? भेद आहे तो निराळा. आमच्या जागरणाचा आरंभ आणि शेवट आमच्या हातीं होता. आम्ही डुलकी घेतली असती तर मालक उठले असते. बंधूंची घटका दुसराच कोणी नेमतो, आणि ते निजले तर गहूं निजतो. शीड हें पोटाचें साधन होतें तोंवर त्यांत कोणास मौज दिसली नाहीं. यंत्रानें त्याला पोटापासून सोडविलें तेव्हां तें खेळावयास मोकळें झालें. हुरडा खाण्यास शहरांतून गाड्या येतात त्या शेतांत, ज्याच्या राखणीला रात्र काढावी लागते त्याला हुरडा तितकासा गोड लागत नाहीं. यांत हुरड्याचा दोष नाहीं आणि खाणाराचाहि नाहीं. मौज ही पाप नव्हे. परंतु आपल्या मौजेच्या पायाखालीं कोणाची मजुरी होती, किंवा अजून आहे, हें ठाऊक असलेली मौज आणि ठाऊक नसलेली मौज यांची चव एक नसते. किनाऱ्यावर राहिलेल्या माणसांचा दोर हातांत धरून सुटी घेतली तर ती थोडी जड होते, हें खरें. पण दोर सोडलेल्या शिडाचें काय होतें तें आम्हीं पाहिलें होतें.

मालवणला दीड दिवस मुक्काम होता. सिंधुदुर्ग पाहिला. १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं भर समुद्रांतल्या खडकावर ज्याची पायाभरणी केली, त्या किल्ल्याच्या तटाबुरुजांचें वर्णन वाचकांनीं अनेकदां वाचलें असेल. आमच्या सौभाग्यवतींनीं तटाकडे फारसें पाहिलें नाहीं. त्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशीं थांबल्या. चहूंबाजूंनीं खारा समुद्र आणि मध्यें गोडें पाणी! किल्ला तोफांनीं लढतो, पण टिकतो तो या विहिरींवर, हें दुष्काळी मुलखांतल्या बाईला कोणीं सांगावें लागलें नाहीं. त्यांनीं वांकून आंत पाहिलें आणि त्या इतकेंच म्हणाल्या, "भाऊजींना दाखवावयास हवें होतें."

तेथून वेंगुर्ल्यावरून वर्षाच्या अखेरच्या दिवशीं आम्ही पणजीस मांडवीच्या मुखांत शिरलों. आठ दिवसांत दोनशेंहून अधिक सागरी मैल. आगगाडीनें हें अंतर एका रात्रींत तोडतां येतें. निरोप घेतांना तांडेलांनीं सौभाग्यवतींना वाकून नमस्कार केला आणि आम्हांस हातभर दोराचा तुकडा दिला, सरावासाठीं.

संक्रांतीस गांवीं गेलों तेव्हां बंधूंच्या विहिरींतला पंप दुरुस्त होऊन आला होता व तो खालीं सोडावयाचा होता. दोर बांधण्याचें काम आम्हीं मागून घेतलें. तांडेलांची गांठ त्यांनीं दोनदां ओढून पाहिली, तिसऱ्यांदा स्वतः बांधून पाहिली, आणि कांहीं न बोलतां पंप पाण्यांत सोडला. गव्हाची आणखी दोन पाणीं झालीं आहेत. गांठ अजून सुटलेली नाहीं.